गाय रुळावर

आमच्या घरातली रेल्वे बाहेरच्या खोलीतून निघायची आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पोचायची. मार्ग एकूण एकवीस फूट. मधे एक दगडी भिंत होती, दीड फूट जाडीची, जयपूरच्या बनी पार्कातल्या जुन्या घरांत असते तशी. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी त्या भिंतीत कूलरच्या पाइपासाठी भोक पाडून ठेवलं होतं. बाबांनी ते छिन्नीने चौकोनी केलं, आतून चुना लावला आणि त्यातून रूळ नेले. घरमालकीण लोणच्याची बरणी परत द्यायला आल्या तेव्हा वाकून बघत म्हणाल्या, “मास्टरजी, चूहों के लिए दरवाज़ा बनवाया है क्या?”

“हाँ जी,” बाबा म्हणाले, “पर चूहे टाइमटेबल से आएँगे.”

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट आहे. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. मूळचे अकोल्याकडचे; मीटरगेजच्या नोकरीत लागले, बदल्या होत होत राजस्थानात आले आणि इथलेच झाले. चौतीस वर्षं स्टेशन मास्तर, सगळी लहान स्टेशनांवर, जिथे प्यायचं पाणीही गाडीनेच येतं. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच, मी काम करत होते त्या वर्तमानपत्रातली चूकदुरुस्ती वाचून म्हणाले होते, “तुमचं बरं आहे. चुकलं की दुसऱ्या दिवशी छापता. आमच्याकडे चुकलं की त्या गाडीतल्यांना दुसरा दिवस नसतो.”

मी तेव्हा एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. ड्यूटी दुपारी तीनला लागे, त्यामुळे सकाळी घरी असे. या रेल्वेबद्दल मला जे माहीत आहे ते सकाळी दहा ते बारा या वेळातलं आहे.

बांधायला दोन वर्षं लागली. रूळ आणि इंजिनांच्या मोटारी जर्मनीत नोकरी करणाऱ्या आतेभावाने दोन खेपांत आणल्या. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. दोन रुळांमधलं अंतर बारा मिलिमीटर. मीटरगेजच्या हजार मिलिमीटरला सत्त्याऐंशीने भागलं की साडेअकरा येतात. अर्धा मिलिमीटर जास्त होता, आणि त्याचं बाबांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. डबे त्यांनी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापले. जयपुरातल्या लग्नपत्रिका जाड असतात. एका डब्याच्या आतल्या बाजूला सोनेरी अक्षरांत अर्धा मुहूर्त अजूनही वाचता येतो. खडी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या जयपुरातल्या, मूर्तिकारांच्या गल्लीतून आली. संगमरवराची कच आईच्या चहाच्या गाळणीने चाळून, चहाच्याच पाण्यात उकळून घेतली होती. टेबलांखालच्या तारा दिसू नयेत म्हणून भोवती बगरूच्या छापील चादरी लावल्या, ठसा घसरल्यामुळे स्वस्तात मिळालेल्या.

स्टेशनं दोन होती. बाबांनी त्यांना नावं दिली नाहीत. “नाव दिलं की तिथून बदली होते,” म्हणाले. बाहेरच्या खोलीतलं ‘इकडचं’ आणि स्वयंपाकघराशेजारचं ‘तिकडचं’. इकडच्याचे मास्तर बाबा. तिकडच्याची आई.

इथवर हा कोणाचाही छंद असू शकतो. लोक गाड्या गोल फिरवतात आणि बघत बसतात. आमच्याकडे गाडी गोल फिरत नसे. ती एका मास्तराकडून दुसऱ्याकडे जात असे, आणि दोन्ही मास्तर एकमेकांना दिसत नसत.

खऱ्या मीटरगेजवर दोन स्टेशनांमध्ये एकच लाइन असायची. एका वेळी तिच्यावर एकच गाडी राहावी म्हणून प्रत्येक स्टेशनात एक यंत्र असे, त्यात लोखंडी गोळे. पुढच्या मास्तराने आपली लाइन मोकळी आहे असं कळवून कळ दाबली तरच या मास्तराच्या यंत्रातून गोळा बाहेर यायचा. गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. घरी यंत्र नव्हतं. पत्र्याचे दोन डबे होते आणि स्कूटर दुरुस्तीच्या दुकानातून आणलेल्या बेअरिंगच्या बारा गोळ्या, प्रत्येक डब्यात सहा. इंजिनामागच्या उघड्या वॅगनीत गोळी ठेवायची, मग गाडी सोडायची. डब्यातून गोळी कोणीही, केव्हाही उचलू शकत होतं. यंत्राच्या जागी सवय होती.

बोलणं विजेच्या घंट्यांवर. इकडे बटण दाबलं की तिकडे टोला पडे. एक टोला म्हणजे लक्ष द्या. पलीकडून एक टोला आला की लक्ष आहे. दोन म्हणजे लाइन क्लिअर मिळेल का. तेच दोन परत आले की मिळाला. तीन, गाडी सुटली. चार, पोचली. सहा म्हणजे धोका. आईला हे शिकवावं लागलं नाही. तिचा सगळा संसार स्टेशनाला लागून असलेल्या क्वार्टरांत झाला होता. पोळ्या लाटताना घंटेवरून कुठली गाडी कुठे आहे ते ती सांगत असे.

प्रत्येक स्टेशनाचं रजिस्टर वेगळं. प्रत्येक टोल्याची वेळ आणि शेरा त्यात लिहायचा. बाबांचं हिंदीत, नोकरीत लिहायचे तसं. आईचं मराठीत. एका मास्तराने दुसऱ्याचं रजिस्टर बघायचं नाही, ते फक्त तपासणीला आलेला साहेब बघतो. घरात साहेब नव्हता, त्यामुळे कोणी कोणाचं बघितलं नाही.

दहाला बाबा शर्ट खोचून, खिशाला पेन लावून बसत. भिंतीतल्या भोकातून आवाज जात असे.

“तिकडचे मास्तर, झोपले काय?”

“नाई जी. भाजी फोडणीले टाकली. दोन मिनटं गाडी लेट.”

“भाजीसाठी लेट? मी कारण काय लिहू?”

“लिहा, इंजिनाले पाणी पाह्यजे.”

“डिझेल इंजिन आहे ते.”

“मंग त्याले डिझेल पाजा, मी येतोच.”

मी शेजारच्या खोलीत पेपर चाळत हे ऐकत असे. आमच्या घरात त्या दोघांचं इतकं बोलणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. नोकरीत बाबा आठ आठ तास ड्यूटीवर आणि उरलेला वेळ झोपेत असायचे.

गाय आईने आणली. चारदीवारीतल्या खेळण्यांच्या दुकानातली मातीची, पांढरी, शिंगांना लाल रंग. तिने ती तिकडच्या स्टेशनाच्या मालधक्क्यापाशी उभी केली. बाबांनी पट्टी लावून मापली.

“ही गाय नाही, हत्ती आहे. डब्याहून उंच आहे. मापात बसत नाही.”

“बसत नाई तं उभी राहीन,” आई म्हणाली. गाय राहिली.

तीन वर्षं रेल्वे अशी चालली. मग बाबा बँकेतून घरी यायचा रस्ता चुकले. एकदा दूध आणायला दोनदा गेले आणि दोन्ही पिशव्या समोर ठेवून कुठली आपली म्हणून विचारलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आईला आणि मला खोलीत बोलावून सांगितलं: स्मृतिभ्रंश, सुरुवातीचा. वाढत जाईल. हाताला सवय असलेली कामं चालू ठेवा, ती शेवटी जातात. बाबा बाहेर बाकावर बसून भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत होते. आम्हाला पाहून म्हणाले, “शेवटची ओळसुद्धा येते.”

रिक्षात आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यांले सांगू नको.” मी सांगितलं नाही. ते स्वतः म्हणत, वय झालं, जरा विसरायला होतं. त्यापलीकडचं त्यांना कळू नये, एवढीच एक गोष्ट त्यानंतर आम्हाला घरात सांभाळायची होती. रेल्वे चालू होती तोवर ते सोपं वाटत होतं. दहाला ते बसत, टोले बरोबर पडत, रजिस्टरातलं अक्षर पूर्वीसारखं सरळ होतं.

त्याच सुमारास गायीचा विनोद सुरू झाला. बाबा दोन टोले देत, लाइन क्लिअर मागत. तिकडून उत्तर येत नसे. आई भोकातून ओरडे, “थांबा जी! गाय आली रुळावर!”

“हाकल तिला.”

“हालत नाई. तुम्हीच म्हणता ना हत्ती आहे म्हणून!”

बाबा हसत आणि थांबत. दोन-तीन मिनिटांनी तिकडची गाडी भोकातून इकडे येई, बाबा चार टोले देत, मग आई त्यांचे दोन टोले परत करी. हे आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं, मग बऱ्याचदा. मला तो म्हातारपणातला लाडिकपणा वाटला. माझा व्यवसाय ऐकलेल्या गोष्टीची खात्री करून घेण्याचा होता. या गोष्टीची मी केली नाही.

एका पौर्णिमेला आई सकाळी विहारात वंदनेला निघाली. पांढरी साडी नेसून दारात उभी राहून मला म्हणाली, “आज तिकडचं तू पाहजो. ते बसतीलच. लाइन क्लिअर मागितला तं लगेच देऊ नको. आधी पाहजो, आपली गाडी निघाली का. आन् आपण त्यांचा क्लिअर घेतला की तोंडानं सांगत राहजो, येऊन राहिली, येऊन राहिली म्हणून.”

“का?”

“सांगतो तसं कर ना, माय.”

मी हो म्हटलं. दहा चाळीसला मी पॅसेंजरसाठी दोन टोले दिले. बाबांनी दोन परत केले. मी आईच्या रजिस्टरात वेळ लिहिली, गोळी वॅगनीत ठेवली. टेबलावर त्या दिवशीचा अंक होता, त्यात पान तीनवर मी दिलेला मथळा कोणीतरी बदललेला दिसला. तो मी वाचत बसले, तोंडाने सांगत राहायचं राहून गेलं. गाडी सोडली तेव्हा दहा सत्तेचाळीस झाले होते. तीन टोले दिले आणि गाडीच्या विजेचं बटण फिरवलं. भिंतीतल्या भोकापर्यंतचा अर्धा मार्ग माझ्या बटणावर होता, पुढचा अर्धा बाबांच्या. इंजिन भोकात शिरलं, त्यामागे वॅगन शिरली, पहिला डबा शिरू लागला, आणि आतून आवाज आला. मोठा नव्हता. कपाटाचं दार लागावं तसा.

पुढच्या क्षणी माझ्या बाजूला घंटा वाजली. सहा टोले. एकेक मोजून, सारख्या अंतराने.

मी बाहेरच्या खोलीत गेले. बाबांनी आपली मालगाडी कोणाला न विचारता सोडली होती. दोन्ही इंजिनं भिंतीच्या आत एकमेकांना भिडली होती. बाबा उभे होते आणि त्यांचं बोट अजून घंटेच्या बटणावर होतं. आम्ही तारेचा आकडा करून एकेक डबा ओढून काढला. नुकसान असं: पॅसेंजरचा एक डबा चेपला, मालगाडीच्या पहिल्या वॅगनीचं एक चाक निघालं. चाक शेवटी मिळालं, चुन्यात रुतलेलं.

“बाबा,” मी म्हटलं, “खेळणंच आहे ते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला माहीत होती. लहानपणी प्लॅटफॉर्मच्या कडेला उभी राहिले की ते असं बघायचे. मग ते खुर्चीत बसले, आपलं रजिस्टर पुढे ओढलं आणि बोट ठेवून वाचलं. दहा चाळीस, तिकडच्या पॅसेंजरला लाइन क्लिअर दिला. दहा सत्तेचाळीस, मालगाडी सुटली. मधला रकाना, लाइन क्लिअर मिळाल्याची वेळ लिहायचा, कोरा होता.

“मी मागितलाच नाही,” ते म्हणाले.

“मागितला होता,” मी म्हटलं. “मी दोन टोले दिले. माझं लक्ष पेपरात होतं. चूक माझी आहे.”

“मी ऐकले ते टोले?”

“हो.”

“मग लिहिले का नाहीत?”

“घाईत राहिलं असेल.”

 ते अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाले, “तिकडचं रजिस्टर आण.”

मी आणलं. त्यात दहा चाळीसची माझ्या हातची नोंद होती, सत्तेचाळीसची होती, आणि त्यांच्या मालगाडीला लाइन क्लिअर दिल्याची नव्हती. मला ती वाटेत लिहून टाकता आली असती. रोज दुसऱ्यांच्या बातम्यांतली विसंगती शोधणाऱ्या मला ते सुचलं नाही.

“तू दिला नाहीस,” बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “मग असं का सांगितलंस?”

 ते या स्टेशनावर नोंदी कशा ठेवतात हे बघण्यासाठी एक पान मागे गेले. मग आणखी एक. एका ओळीवर थांबून हसले. “गाय रुळावर,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “लिहिलं पण आहे हिने.” आणखी मागच्या पानावरही ती नोंद होती. त्याच्या मागच्या पानावर दोनदा. ते हसायचे थांबले. त्यांनी आपलं रजिस्टर शेजारी उघडलं, दोन्हींवर आडवी पट्टी ठेवली आणि तारखेला तारीख, वेळेला वेळ लावून बघू लागले.

मी दारात उभी होते. त्यांना जे दिसत होतं ते मलाही तिथून हळूहळू कळत गेलं. जेव्हा जेव्हा तिकडे गाय आली होती, तेव्हा तेव्हा इकडच्या रजिस्टरात त्याआधीच्या ओळीत त्यांनीच तिकडच्या गाडीला लाइन क्लिअर दिलेला होता. दिला आणि विसरले आणि त्याच लाइनवर आपली गाडी सोडायला निघाले. आईने प्रत्येक वेळी गाय आणून ती थांबवली होती.

आई सव्वाबाराला आली. हातात खिरीचा डबा होता. दोन रजिस्टरं शेजारी शेजारी उघडी बघून तिने डबा हळूच खाली ठेवला.

“तुझ्या स्टेशनवर इतक्या गायी?” बाबांनी विचारलं.

“हाव,” आई म्हणाली. “मोकाट असतात इकडे.”

“फागुनापासून आहेत.”

आईने खिरीच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“मले सांगायचं होतं.” बाबा घरात प्रमाण मराठी बोलत, ‘मले’ मी त्यांच्या तोंडून फार वर्षांनी ऐकलं.

“काय सांगू जी? गाडी तं थांबत होती ना.”

“डॉक्टरनं काय म्हटलं होतं?”

आईने सांगितलं. उभ्या उभ्या, जसंच्या तसं, आजाराच्या इंग्रजी नावासकट. बाबांनी दोनदा मान हलवली. मग विचारलं, “खीर आहे काय त्या डब्यात?” आम्ही तिघांनी खीर खाल्ली.

दुपारी मी स्वयंपाकघरात आईला म्हटलं, की माझ्यामुळे झालं. मी खोटं बोलले नसते तर त्यांनी तुझं रजिस्टर मागितलंच नसतं. आई भांडी पुसत होती.

“तू बोललीस, पण लिहिलं नाहीस,” ती म्हणाली. “खोटं बोलायचं तं लिहून ठेवावं लागते, माय. मी प्रत्येक गाय लिहिली.”

दुसऱ्या दिवशी दहाला बाबा बसले ते गाडी सोडायला नाही. चार्ज द्यायला. बदली झाली किंवा निवृत्त झालं की स्टेशन मास्तर आपल्या ताब्यातल्या वस्तूंची यादी करून येणाऱ्याच्या स्वाधीन करतो आणि दोघं सह्या करतात. त्यांनी ही यादी आईच्या रजिस्टरात, मराठीत केली, म्हणजे तिला वाचता यावी. गोळ्या सहा. घंटा एक. हिरवं निशाण एक, लाल एक. मालगाडी एक, पैकी एक वॅगन दुरुस्तीस. खाली एक ओळ सोडून लिहिलं: “यापुढे मला चार्ज देण्यात येऊ नये. मी मागितला तरी देऊ नये. कारण, स्मरण.” सही केली. आईने घेणार म्हणून सही केली. तिला ‘स्टेशन मास्तर’ हा हुद्दा सहीखाली लिहायला त्यांनीच सांगितलं.

डबा त्यांनी दुरुस्त केला. चाक पुन्हा बसवलं. गाड्या आपापल्या स्टेशनांत उभ्या राहिल्या.

सुमारे तीन आठवडे ते तिकडे गेले नाहीत. मग एका सकाळी शर्ट खोचून, पेन लावून बाहेरच्या खोलीत आले आणि म्हणाले, “ड्यूटी कोणाची आहे?”

आईने हात पुसले, रजिस्टर आणलं आणि ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. यादी वाचली, खालची ओळ वाचली, सही बघितली. चेहरा उतरला. “बरोबर आहे,” म्हणाले, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

हे पुढे रोज होऊ लागलं. दहाला प्रश्न, रजिस्टर, बोट, “बरोबर आहे.” कधी अकराला पुन्हा. प्रत्येक वेळी त्यांना ते पहिल्यांदा कळत होतं. पाच-सहा दिवस बघून मी आईला म्हटलं, “ते पान फाडून टाक. एक गाडी सोडू दे त्यांना. काय होणार आहे?”

“त्यांनी लिहिलं आहे ते.”

“त्यांना आठवत नाही लिहिलेलं.”

“म्हणून तं लिहिलं. शुद्धीवर असताना लिहिलं.”

“आई, त्यांना रोज नव्याने कळतं.”

“रोज नव्यानं मानतात बी,” आई म्हणाली. “चौतीस वर्षं तेच केलं त्यांनी. मी कोण पान फाडणारी?”

मला हे क्रूर वाटलं. दोनदा मी रजिस्टर लपवायचा विचार केला. एकदा लपवलंही, उपसंपादकांना मिळतात त्या जुन्या डायऱ्यांच्या खाली. आईने ते तिथूनच काढलं. तिने ते पान दाखवायची पद्धत मात्र बदलली. आधी ती उभी राहून दाखवायची. आता त्यांच्याशेजारी बसून, खांद्याला खांदा लावून, तीही त्यांच्याबरोबर वाचत असे. वाचून झालं की चहा ठेवत असे.

तो हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा असा गेला. पेन लावायचं राहिलं, मग शर्ट खोचायचा. प्रश्न मात्र उरला.

पावसाळ्याच्या आधी, एका सकाळी, त्यांनी नेहमीसारखं बोट ठेवून पान वाचलं. वेळ जास्त लागला. सहीवर बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं.

“कोण होते हे मास्तर?”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. “होते एक,” ती म्हणाली.

“अक्षर चांगलं आहे.” त्यांनी पुन्हा वाचलं. “खरं लिहून गेले. असं कोणी लिहीत नाही. आता कुठे असतात?”

“रिटायर झाले.”

“हं,” बाबा म्हणाले, आणि रजिस्टर दोन्ही हातांनी तिला परत दिलं.

ते पान तिने पुन्हा कधी दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला ते दारात आले आणि तोच प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, “तुमची.” त्यांना घंटेसमोर बसवलं. गोळ्यांचा डबा तिने आधीच उचलून ठेवला होता, गाड्यांची वीज बंद होती. मग ती तिकडच्या स्टेशनात गेली.

बाबांनी बराच वेळ बटणाकडे पाहिलं आणि दाबलं. एक टोला. पलीकडून आईने एक परत दिला. यानंतर दोन टोले असतात. ते त्यांना आठवले नाहीत. ते बोट बटणावर ठेवून बसून राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा एक टोला दिला, आणि आईने तो परत केला. कणीक मळत असली तर कोपराने बटण दाबत असे. बाराला ती येऊन म्हणे, “चला, ड्यूटी संपली.” ते उठत.

सात महिने तेवढीच रेल्वे चालली.

आईचं रजिस्टर आता माझ्याकडे आहे. चार्जच्या पानानंतरची काही पानं कोरी आहेत, मग पुन्हा नोंदी सुरू होतात. वेळ, ‘एक टोला’, आणि शेऱ्यात ‘उत्तर दिलं’. पानंच्या पानं तशी. कोणी तपासायला येणार नव्हतं तरी तिने एकही टोला सोडलेला नाही. शेवटच्या पानावर पद्धत बदलते. तेव्हा बाबा आतल्या खोलीत पलंगावर होते आणि आईने घंटा आणि तिचं बटण त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं होतं. त्या नोंदींत टोला तिचा आहे. “दहा पाच, मी एक टोला दिला. उत्तर मिळालं.” असे चार दिवस. पाचव्या दिवशी दहा पाचला एक, दहा वीसला एक, दहा चाळीसला एक. त्या सकाळी मी घरीच होते. दहा चाळीसच्या आधी मी डॉक्टरांना फोन केला होता, आणि डॉक्टर बाबा गेल्याचं सांगून निघाल्यावर आईने पदराने डोळे पुसून पहिलं काम केलं ते रजिस्टर उघडण्याचं. तिन्ही टोल्यांपुढे उत्तराचा रकाना तिने कोरा ठेवलेला नाही. तिन्ही ठिकाणी एकच शेरा आहे.

गाय रुळावर.